जटेला पाणी चालतं

गेल्या वर्षी मे महिन्यात पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सने प्रवास करून सकाळी यवतमाळला उतरलो. तिथून आर्णीपर्यंत एसटी आणि पुढे आमच्या फाट्यापर्यंत काळीपिवळी. फाट्यावरच्या चहाच्या टपरीसमोर एक म्हातारी बसली होती. माझ्या डोक्याकडे बघून ती उठली, चपला काढल्या, हात जोडले आणि विचारलं, ‘कोन्या देवीची हाय रे बाप्पा जट?’

मी म्हणालो, ‘आजी, देवीची नाही. पुण्यातल्या सलूनची आहे.’

तिला ते कळलं नाही, किंवा कळूनही पटलं नाही. तिने माझ्या हातावर दहाची नोट ठेवली. मी ती परत केली, तर रागावली. शेवटी त्या नोटेचा चहा आम्ही दोघांनी प्यायलो.

माझे ड्रेडलॉक्स तीन वर्षांपूर्वीचे आहेत. सहा तास खुर्चीत बसून, केस उलटे विंचरून, क्रोशाच्या सुईने ओढून ओढून बनवून घेतले. सात हजार रुपये लागले. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची पहिली दोन वर्षं मी चांगल्या मुलासारखा भांग पाडून काढली होती, म्हटलं आता जरा मनासारखं करू. ऑफिसात कुणीतरी ‘क्लायंट कॉलला कॅमेरा बंद ठेव’ असं हसत हसत सुचवलं. मी बंद ठेवला नाही. यापेक्षा मोठी लढाई माझ्या केसांना लढावी लागली नाही.

त्याच दिवशी घरी पोचल्यावर आईने कपाळाला हात लावला, ‘हे काय करून आला रे? लोकं काय म्हनतीन?’ आणि आतल्या खोलीतून आत्या बाहेर आली. तिच्याही डोक्यावर जट आहे. बारा वर्षांची. मानेपासून कमरेपर्यंत एकच सलग, उशीसारखी दाबलेली, हळदीकुंकवाने पिवळीलाल झालेली. ती माझ्याजवळ बसली, माझी एक लट हातात घेतली, हुंगली आणि म्हणाली, ‘तू धुतं का रे इले?’

‘दर शनिवारी.’

‘मंग काही होत नाई?’

‘काय व्हायचं आहे, आत्या?’

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘तुह्या डोक्शाले पानी चालते, मंग माह्याले काहून नाई चालत?’

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उत्तर एका वाक्यात देता येतं: चालतं. पण बारा वर्षं एका बाईला हे उत्तर कुणीच का दिलं नाही, ते सांगायला थोडी जास्त जागा लागेल.

जट येत नाही, होते

आधी आत्याच्या जटेची खरी गोष्ट. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये माझ्या आत्याच्या नवऱ्याने, म्हणजे मामाजींनी, वावरातच औषध घेतलं. यवतमाळ जिल्ह्यात ‘औषध घेतलं’ म्हणजे काय, हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं, आम्हाला नाही. आत्या लेकीला घेऊन आमच्याकडे आली आणि चार महिने खाटेवरून उठली नाही. जेवायला घातलं तर जेवायची. अंघोळ नाही, वेणी नाही, आरसा नाही. कुणाला तिच्या डोक्याकडे बघायचं सुचलंही नाही. संक्रांतीला तिला उठवून बसवलं, तेव्हा मागचे केस एका गोळ्यात गुंतलेले होते. गल्लीतल्या एका बाईच्या अंगात यायचं. तिने बघितलं आणि निकाल दिला: माहूरची रेणुका आली, फणी लावू नका, पाणी लावू नका, कात्री तर दाखवूही नका.

ज्या बाईला डॉक्टरची गरज होती, तिला आम्ही देवी दिली. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होतो, दहावीच्या अभ्यासात होतो. मीही पाया पडलो होतो.

आता केसांचं बघू. केसाच्या वरच्या थराला सूक्ष्म खवले असतात, घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले. केस एकमेकांवर घासले की ते एकमेकांत अडकतात. माणसाच्या डोक्यावरून रोज ५० ते १०० केस गळतात. तुम्ही विंचरता, म्हणून ते फणीत येतात. विंचरलं नाही, तर ते गळूनही तिथेच राहतात आणि शेजारच्या केसांना गुंडाळत जातात. त्यात घाम, तेल, धूळ, वर हळद, कुंकू, अंगारा. उशीवर डोकं घासलं जात राहिलं की महिन्या-दोन महिन्यांत गुंता, आणि सहा महिन्यांत नमदा. लोकरीचा नमदा असाच बनतो: ओल, घर्षण आणि दाब. त्यात कुठे देवी नाही.

बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, लांबलेलं आजारपण, नैराश्य, डोक्यातल्या उवा, खवड्यांसारखे त्वचेचे विकार. ज्या ज्या काळात बाई स्वतःच्या केसांकडे बघू शकत नाही, त्या त्या काळात जट होते. म्हणून ती बहुतेक वेळा बाईलाच ‘येते’. ज्या पुरुषाचे केस दोन महिन्यांनी न्हावी कापतो, त्याच्या डोक्यावर यायला देवीला वेळच मिळत नाही.

वैद्यकाच्या पुस्तकांत या गुंत्याला ‘प्लायका पोलोनिका’ म्हणतात. पोलोनिका म्हणजे पोलंडची. पोलंडच्या खेड्यांत शतकानुशतकं हा प्रकार होता, तिथे त्याला ‘कोव्तुन’ म्हणत. लोकांची खात्री होती की शरीरातला रोग त्या गुंत्यातून बाहेर पडतो, आणि तो कापला तर माणूस आंधळा होतो किंवा वेडा होतो. एकोणिसाव्या शतकात क्राकोव शहरातल्या युझेफ डिएटल नावाच्या डॉक्टरने ठासून सांगितलं की हा रोग नाही, ही न विंचरलेल्या, न धुतलेल्या केसांची अवस्था आहे. त्याने त्याविरुद्ध मोहीम चालवली. पुढे तो त्याच शहराचा महापौर झाला. आज पोलंडमध्ये कोव्तुन बघायचा असेल तर संग्रहालयात जावं लागतं. आणि तो कापला गेला म्हणून पोलंड आंधळा झाला नाही.

म्हणजे ‘आपली संस्कृती आहे’ हेही खरं नाही. हजारो किलोमीटरवर, ज्यांनी रेणुकेचं नावही ऐकलं नव्हतं, त्या लोकांनी तीच भीती, त्याच शब्दांत, त्याच गुंत्याला चिकटवली होती. भीतीची ही कॉपी-पेस्ट जुनी आहे.

ज्याच्या जटेतून गंगा वाहते

‘जटेला पाणी लावायचं नसतं’ असं सांगणाऱ्यांना मला एकच विचारायचं आहे. तुमच्या देवघरात शंकराचा फोटो आहे ना? त्याच्या डोक्याकडे बघा. गंगा स्वर्गातून उतरली ती कुठे उतरली? जटेत. सगळ्या पुराणांतली सर्वांत ओली जट महादेवाची आहे. आपण दर सोमवारी त्याच्या पिंडीवर वरून पाण्याची धार धरतो, आणि त्याच्याच नावाने एका बाईला सांगतो की तुझ्या डोक्याला पाणी लागलं तर कोप होईल.

दुसरं उदाहरण नाशिकचं. २०१५ च्या कुंभमेळ्यात साधूंचे जथे रामकुंडात आणि त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात उतरले, आणि डोक्यावरच्या जटांसकट बुडी मारून वर आले. ते सारं टीव्हीवर दाखवलं गेलं. ती पवित्र बुडी. मग साधूची जट भिजली की पुण्य आणि माझ्या आत्याची जट भिजली की पाप, हे कोणत्या ग्रंथात लिहिलंय? कुठेच नाही. हा नियम देवाचा नाही. साधू पुरुष आहे, स्वतःच्या इच्छेने निघालेला आहे, त्याला काय करू नको हे कुणी सांगू शकत नाही. आत्याला सांगता येतं. एवढाच फरक आहे.

तिसरं उदाहरण जमैकाचं. ड्रेडलॉक्स जगभर ज्यांच्यामुळे माहीत झाले, त्या रास्ताफारी पंथाचा उगम तिथे १९३० च्या दशकात झाला. त्यांच्यासाठीही जटा धर्माचा भाग आहेत. फणी आणि कात्री ते वर्ज्य मानतात, पण पाणी नाही. तरी ‘या जटा घाणेरड्याच असतात’ हा समज त्यांच्या आणि जगभरच्या काळ्या लोकांच्या मानगुटीवर बसलेला आहे. केवळ केसांमुळे नोकऱ्या नाकारल्या गेल्या. इतक्या, की अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याला २०१९ मध्ये त्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. म्हणून मी स्पष्ट सांगतो: माझं भांडण जटेशी नाही. जट ठेवणं हा गुन्हा नाही, घाण नाही, मागासपणाही नाही. माझं भांडण त्या तीन ‘नको’शी आहे: पाणी नको, फणी नको, कात्री नको. हे ‘नको’ जिचं डोकं आहे तिने म्हटलेलं नसतं, दुसऱ्या कुणीतरी तिच्या डोक्यावर ठेवलेलं असतं.

‘श्रद्धेचा प्रश्न आहे, तू मध्ये पडू नको’

हे मला गावातल्या लोकांनी सांगितलं त्यापेक्षा जास्त वेळा पुण्यातल्या मित्रांनी सांगितलं. शिकलेले, चांगले पगार घेणारे, उदारमतवादी मित्र. एकजण म्हणाला, ‘भारी दिसत असेल रे, एकदम ऑर्गॅनिक लुक.’

तर ऑर्गॅनिक लुकचा हिशोब ऐका. आत्याला बारा वर्षं कुशीवर झोपता आलेलं नाही. मान एका बाजूला कलली आहे. डोक्यात उवा आहेत, त्या मारता येत नाहीत, कारण औषध मुळापर्यंत पोचत नाही. खाजवलं की जखम, जखमेत पू, आणि पावसाळ्यात असा वास की ती स्वतःच लग्नाकार्यात मागे, दाराजवळ बसते. ती कापूस वेचायला, निंदणाला जाते. २०१७ साली याच जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीने कितीतरी शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि माणसं मेली, ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. हाताच्या कातडीपेक्षा डोक्याची कातडी असली द्रव्यं जास्त शोषते. फवारलेल्या वावरातून घरी आलेला माणूस डोक्यावरून पाणी घेतो. आत्या घेऊ शकत नव्हती. जे काही डोक्यावर बसलं, ते तिथेच राहिलं.

ही श्रद्धा असेल, तर श्रद्धेची किंमत कोण मोजतंय ते तरी बघा. निकाल देणारी बाई दर दोन दिवसांनी केस धुते. मी बघितलंय, तिच्या वाळत घातलेल्या केसांना शिकेकाईचा वास येतो.

मात्र इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करायला हवी, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. जटेने आत्याकडून खूप काही घेतलं, पण तिला काही दिलंही. जट येण्याआधी ती माहेरी परत आलेली विधवा होती. तिचं तोंड सकाळी कुणाला बघायचं नव्हतं. जट आली आणि मंगळवारी, शुक्रवारी बाया तिच्या पाया पडायला लागल्या. नवरात्रात तिला पाटावर बसवून ओटी भरायला लागल्या. नवरा मेलेल्या बाईच्या कपाळाला ज्या गावाने कुंकू लावलं नसतं, त्याच गावाने तिच्या जटेला कुंकू लावलं. माझ्या वडिलांशी भांडणाऱ्या चुलत्यांनीही ‘देवीचं घर आहे’ म्हणून तिच्या खोलीचा वाद सोडला.

आता कळतंय का, कात्री दाखवली की बाया का घाबरतात? त्या फक्त देवीला घाबरत नाहीत. त्या जट गेल्यानंतरच्या मंगळवारला घाबरतात.

आणि म्हणून माझा राग जट ठेवणाऱ्या बाईवर नाही, तो माझ्या गावावर आहे. माझ्या घरावर आहे. एका विधवेला पाटावर बसायला मिळावं यासाठी तिला डोक्यावर बारा वर्षं आजार वाढवावा लागतो, अशी आपली व्यवस्था आहे. तिला नारळ द्यायचाय ना? मग जट नसताना द्या. ओटी भरायची आहे ना? मग ती केस धुऊन, वेणी घालून आली तरी भरा. तुम्ही हे करणार नसाल, तर ‘अंधश्रद्धा सोड’ असं तिला सांगायचा तुम्हाला काडीचा अधिकार नाही.

कात्री आणि कॅमेरा

महाराष्ट्रात जट निर्मूलनाचं काम अनेक वर्षं चालू आहे. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर तर जट थेट सौंदत्तीच्या यल्लम्माशी आणि मुली देवाला सोडण्याच्या प्रथेशी जोडलेली. ‘जोगवा’ हा २००९ चा सिनेमा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातल्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी आतापर्यंत दोनशेहून अधिक बायांच्या जटा सोडवल्या आहेत. त्या आधी ब्यूटी पार्लर चालवायच्या. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या हातांना केसांची माहिती आहे, ते हात या कामात उतरले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. कायदा आवश्यकच होता. पण आत्याने रविवारी डोक्यावरून पाणी घ्यावं की नाही, हे बघायला पोलीस येणार नाहीत. ते घरच्यांनाच करावं लागेल.

आणि करताना एक पथ्य पाळा. चांगले कार्यकर्ते कात्री काढण्याआधी पुन्हा पुन्हा घरी जातात, बोलतात, बाईचा होकार येईपर्यंत थांबतात. पण हल्ली काही उत्साही मंडळी तासाभरात जट कापून ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो टाकतात, बाईच्या चेहऱ्यासकट, हातात कापलेली जट धरायला लावून. हे मला पटत नाही. देवीच्या नावाने तिचं डोकं सार्वजनिक झालं होतं, आता विवेकाच्या नावाने पुन्हा सार्वजनिक झालं. डोकं तिचं आहे. ते तिला परत द्यायचंय, एका मालकाकडून काढून दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं नाही.

म्हणून मी आत्याला ‘काप’ म्हणालो नाही. मी म्हणालो, ‘धू.’

धुवायची कशी

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे जुन्या कोडला कुणी हात लावत नाही, ‘चालतंय ना, मग राहू दे’ म्हणतात. हात लावायचाच झाला, तर आधी लहान बदल करायचा, काही मोडलं नाही हे सगळ्यांना दिसू द्यायचं, मग पुढचा बदल. धुणं हा तो लहान बदल आहे. आधी पाणी. देवी कोपली नाही हे दिसलं, की भीतीची पहिली वीट निघते.

माझी पद्धत सांगतो. तुमच्या डोक्यावर हौसेचे ड्रेड असोत की घरात कुणाच्या डोक्यावर देवीची जट, केस दोन्हीकडे सारखेच.

सकाळी धुवा. संध्याकाळी कधीच नाही. साधा, पारदर्शक शाम्पू घ्या. दुधाळ, कंडिशनरवाला नको, तो आत साचतो. शाम्पू मगभर पाण्यात पातळ करा आणि लटांवर नाही, तर दोन लटांच्या मधल्या कातडीवर ओता. बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. फेस लटेतून खाली जाऊ द्या, लट मुठीत धरून स्पंजसारखी दाबा, पिळू नका. मग स्वच्छ पाणी, पुन्हा पाणी, आणि पाण्याचा रंग निवळेपर्यंत पाणी. धुण्याला पाच मिनिटं लागली, तर खळखळून काढायला पंधरा लागली पाहिजेत. शिकेकाई-रिठा वापरायचा असेल तर उकळून, कापडातून गाळून. भुकटी थेट लावली तर ती आतच राहते आणि पुढची सहा वर्षं निघत नाही. जाड तेलाचं थापणं बंद. डोक्यात उवा, जखम किंवा पू असेल, तर आधी डॉक्टर, मग शाम्पू.

आता वाळवणं, आणि खरा खेळ हाच आहे. आमच्याकडे हे कुणालाही समजेल, कारण आम्ही कापूसवाले. ओला कापूस गंजीत दाबला की काय होतं? आतून तापतो, पिवळा पडतो, कुबट मारतो. सीसीआयच्या केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. जटेचंही तेच. बाहेरून हाताला कोरडी लागते, आत ओल असते आणि त्या ओलीत बुरशी धरते.

हे मी चुकून शिकलो. पहिल्याच पावसाळ्यात पुण्यात रात्री केस धुतले, ओलेच बांधले आणि झोपलो. असं महिनाभर केलं. नंतर डोक्याला जुन्या गोधडीसारखा वास यायला लागला. दोन लटा आतून काळ्या पडल्या होत्या. त्या कापल्या. सांगायची गोष्ट ही की मी जट कापली आणि माझ्यावर कोणतीही देवी कोपली नाही. अप्रेझलसुद्धा ठीकठाक झालं.

तेव्हापासून नियम: आधी सुती पंचाने एकेक लट दाबून पाणी काढायचं. मग मोकळे सोडून ऊन आणि वारा, नाहीतर पंख्यासमोर. ड्रायर असेल तर कमी आचेवर, मुळांपासून सुरुवात करून. पूर्ण कोरडे होईपर्यंत बांधायचे नाहीत, टोपी नाही, पदर नाही, झोप नाही. पावसाळ्यात उघडीप बघूनच धुवायचं.

आत्याचा रविवार

मे महिन्याचं ऊन आमच्याकडे ४४ अंशांचं. त्या रविवारी त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला. पाण्याचं मात्र कठीण. ज्या जिल्ह्यात २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटून खुद्द यवतमाळ शहर टँकरमागे धावलं, तिथल्या खेड्यात डोकं धुवायला सहा बादल्या मागायच्या म्हणजे चैन. वडिलांनी काही न बोलता शेजाऱ्याच्या बोअरवरून दोन फेऱ्या मारल्या. त्यांनी माझ्याशी त्या दिवसापर्यंत या विषयावर वाद घातला होता. त्या बादल्या हेच त्यांचं म्हणणं बदलल्याचं एकमेव निवेदन.

उवा आणि जखमांसाठी आदल्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून झालं होतं. अंगणात आत्याला खाली वाकवून बसवलं. भिजल्यावर जट इतकी जड होते की मान ओढली जाते, म्हणून आईने ती दोन्ही हातांनी उचलून धरली. पहिलं पाणी टाकलं तेव्हा आत्याने डोळे मिटले आणि माझं मनगट घट्ट पकडलं. पहिली बादली लाल गेली, दुसरी पिवळी, तिसरी काळी. बारा वर्षांचं कुंकू, हळद आणि माती. चौथ्या बादलीला तिने मनगट सोडलं. सहाव्याला म्हणाली, ‘थंड लागते रे बाबू. डोक्शाले थंड लागते.’

जट वाळायला दोन दिवस लागले. दोन दिवस ती ऊन सरकेल तसा पाट सरकवत बसली. पहिल्या रात्री आम्ही तिला पंख्यासमोर बसवून आळीपाळीने जागलो. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, बाया आल्या. धुतलेली जट बघून एकीने तोंडावर पदर घेतला. आत्या म्हणाली, ‘देवीनंच सांगतलं, मले आंग धुवाचं हाय म्हणून.’ मी आत हसलो. नंतर वाटलं, हसायचं काय? बारा वर्षं दुसऱ्यांनी देवीच्या तोंडून तिला हुकूम दिले. एकदा तिने देवीच्या तोंडून स्वतःचं म्हणणं मांडलं.

याने सगळं सुटलं का? नाही. बारा वर्षांची घट्ट जट धुऊन पूर्ण निरोगी होत नाही. आतला गाभा साफ होत नाही, वजन कमी होत नाही, मान सरळ होत नाही. खरा इलाज कात्रीच आहे, हे मी तिला सांगितलंय आणि नेटाने सांगत राहणार आहे. दिवाळीत तिने विचारलं, ‘कापली तं दुखत नाई ना?’ मी माझी एक लट तिच्यासमोर कापून दाखवली. ती तुकडा हातात घेऊन बसली, मग तुळशीच्या कुंडीत पुरला. अजून तिने स्वतःची कापलेली नाही. पण महिन्यातून दोन रविवार धुते, आणि शाम्पूची बाटली संपत आली की मला फोन करते. शेजारच्या गावात जट असलेली एक बाई आहे, तीही येऊन विचारून गेली की कोणता शाम्पू.

तुम्ही हे फोनवर वाचताय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात, गावात, आजोळी अशी एक बाई असेल जिच्या डोक्याकडे बघायचं नाही असं ठरलंय. या सुट्टीत जाल तेव्हा तिच्या पाया नंतर पडा. आधी तिच्याजवळ बसा आणि विचारा, मान दुखते का, झोप लागते का, खाज येते का. तिला वाद नको असेल, तर घालू नका. शाम्पूची एक बाटली, दोन पंचे आणि मोकळा रविवार घेऊन जा. आणि घरातल्या पुरुषांना सांगा, पाणी भरून आणा.

आणि कुणी म्हणालं की जटेला पाणी चालत नाही, तर त्याला देवघरातल्या शंकराच्या फोटोसमोर उभं करा.